अठरा दिवस बर्फाखाली

जनावरांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहत होत्या. समोरच्या बाकावर एक म्हातारी मेंढपाळीण आणि कुत्र्याला सुई टोचून घ्यायला आलेला खाटीक बोलत होते.

“मावशी, आत नेलेली मेंढी तुमचीच ना?”

“माझीच. अठरा दिवस बर्फाखाली होती.”

“अठरा? काहीतरीच काय!”

“बर्फाचा कडा कोसळला, त्याखाली गेली. आम्ही आशाच सोडली होती. काल कुत्रं एका जागी उकरायला लागलं. बघते तर बर्फात मुठीएवढं भोक, आणि त्यातून वाफ येतेय.”

“श्वासाची?”

“मग कशाची!”

“पण इतके दिवस खाल्लं काय तिनं?”

“स्वतःची लोकर. तोंड पोचेल तिथवर अंग उघडं केलंय.”

“बाप रे!”

“डोंगरातली चिवट जात, दादा. म्हातारी झाली म्हणून ही वीण झाली की तुमच्याकडेच धाडणार होते.”

“म्हणजे गाभण आहे?”

“होती. आता पोटात काही उरलंय का, तेच बघायला आणलीय.”

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, “मावशी, आत या. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघा. हे बारीक धडधडतंय ना, ते पिल्लाचं काळीज.”

“जिवंत आहे?”

“आणि हे शेजारी दुसरं.”

“दोन? अहो, दोन?”

खाटीक उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“मावशी, हिला माझ्याकडे पाठवू नका हं. पाठवलीत तरी मी घ्यायचा नाही.”

तेवढ्यात मदतनीस म्हणाली, “बाई, आता तुमचा नंबर.”

“राहू दे गं,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. “आधी त्यांना डोळे भरून बघू दे.”