शिवणीतली माया

पडदे घेऊन शिंपीणबाईंच्या दुकानात थांबलेल्या एका मावशींचे कान समोरच्या मायलेकींकडे होते.

"काकू, घट्ट झाला तरी ड्रेस उसवू नका. मीच बारीक होईन."

"बारीक होतेय म्हणे! दुपारचं जेवण सोडलंय हिने. काल शाळेत चक्कर येऊन पडली."

"आई, सगळ्यांना कशाला सांगतेस?"

मावशींनी घाईघाईने पडदा न्याहाळला.

"डॉक्टर काय म्हणाले?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"उंची वाढतेय तसं वजनही वाढणारच म्हणाले. खेळायचं, पण उपाशी राहायचं नाही."

"मग बरोबर. हे बघ बाळा, शिवणीत हे जादा कापड दुमडलंय ना, त्याला माया म्हणतात. तू वाढणार हे धरूनच ठेवली होती."

"म्हणजे मी जाड होणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मोठी होणार हे. जाड कोण म्हणालं?"

"वर्गातल्या मुली."

"त्यांचेही ड्रेस माझ्याकडेच असतात. यंदा सगळ्यांची माया उसवली."

"मला चिडवणाऱ्या त्या काडीची पण?"

"तिची तर दोनदा."

मुलगी खुदकन हसली.

"उसवा मग. पण लवकर हं, काकू."

"का गं, घाई कसली?"

"भूक लागलीय."

आई पिशवीत डबा शोधू लागली. समोर असूनही तिच्या भरल्या डोळ्यांना तो दिसेना. शेवटी मावशींनीच काढून मुलीच्या हातात दिला.