तिसरा प्रिंटर

तपासनीस : ते सगळं ठीक आहे मॅडम, मला आधी एवढंच सांगा, या ऑफिसात प्रिंटर किती?

मालकीण : दोन. एक हा माझ्या टेबलाशेजारचा, दुसरा बाहेर आमचे कारकून नाना, त्यांच्यापाशी, कागद चावणारा. पण मी तुम्हाला प्रिंटरसाठी नाही बोलावलं. माझं दुखणं वेगळं आहे. सकाळी पाठवलेली मेल गिऱ्हाइकाला संध्याकाळी मिळते. कधी तर दुसऱ्या दिवशी. लिफ्टच्या दुरुस्तीचा धंदा आमचा. माणसं जिने चढून घामाघूम झालेली असतात आणि आमचं अंदाजपत्रक वाटेत बसलेलं.

तपासनीस : तेच बघत होतो. सकाळपासून तुमच्या माळ्यावर चढलो, कोळिष्टकं खाल्ली, प्रत्येक वायरीचं टोक गाठलं. तुमचं नेटवर्क ठणठणीत आहे.

मालकीण : ठणठणीत? नाना तर दोन वर्षं सांगताहेत, नेट हळू आहे, आपला भागच तसा.

तपासनीस : नेट हळू नाही. मेल वाटेत कुणीतरी थांबवतंय.

मालकीण : म्हणजे बाहेरचा कोणी शिरलाय?

तपासनीस : आधी मलाही तेच वाटलं, कारण दारं सताड उघडी होती. नानांचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला. बॅकअपची ती डबी छान लुकलुकते, पण तिचं पोट कधीच भरलंय. गेल्या उन्हाळ्यापासून तिने काही गिळलेलं नाही. उद्या हे मशीन बसलं असतं तर कुठल्या लिफ्टचा दोर कधी बदलला, ते सांगायला कुणी उरलं नसतं. ते सगळं मी आज नीट करून देतो. पण चोर एवढा शिस्तीचा नसतो मॅडम.

मालकीण : शिस्तीचा म्हणजे कसा?

तपासनीस : गिऱ्हाइकाला जाणारी तुमची प्रत्येक मेल आधी ‘मंजुरी’ नावाच्या खात्यात जाऊन थांबते. तिथून तिची प्रत एका प्रिंटरवर छापली जाते. मग केव्हातरी नानांच्या कॉम्प्युटरवर ती उघडते, तिच्यात बदल होतात, आणि तुमच्या सहीने पुढे जाते.

मालकीण : बदल? नानांना लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही. वर जायचं बटण कुठलं तेसुद्धा विचारतात.

तपासनीस : ते नुसते टाइप करत असतील. म्हणून तर मघाशी प्रिंटर विचारले. तुम्ही दोन म्हणता, नेटवर्कवर तीन दिसतात. तिसरा या इमारतीतच नाही, पण जोडलाय असा की जणू शेजारच्या खोलीत ठेवलाय. कुणीतरी त्याला हौसेने नावही दिलंय.

मालकीण : काय नाव?

तपासनीस : ‘मोठे साहेब’.

मालकीण : बघू, दाखवा.

तपासनीस : हे बघा. ओळखीचं नाव आहे?

मालकीण : हो. मोठे साहेब म्हणजे माझे वडील.

तपासनीस : अच्छा.

मालकीण : माझी मुलगी झाली, छोटी, त्याच महिन्यात त्यांनी ही खुर्ची मला दिली. सगळ्या कामगारांसमोर चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, आजपासून मी इकडे ढुंकूनही बघणार नाही. माणूस शब्दाचा पक्का बघा. ढुंकून नाही बघितलं. घरबसल्या छापून घेतलं.

तपासनीस : त्यांना स्क्रीनवर वाचता येत नसेल.

मालकीण : डोळे चुरचुरतात म्हणे. कागद लागतो, लाल पेन्सिल लागते. आणि छोटी दिवसभर त्यांच्याकडे असते ना, ती संध्याकाळी घरी येऊन टर्र टर्र असा आवाज काढते. मी नवऱ्याला म्हणायचे, बाबांनी शिलाई मशीन घेतलं की काय. आम्ही हसायचो हो तिच्यावर.

तपासनीस : हे पाहा, मी नेटवर्क तपासायला आलोय. घरातलं मला—

मालकीण : तुम्ही जे शोधायला आलात तेच शोधलंत. आता मला दाखवा. मी लिहिलेलं आणि खरं गेलेलं, शेजारी शेजारी.

तपासनीस : हे डावीकडचं तुमचं. हे उजवीकडचं गेलेलं.

मालकीण : मुलींचं वसतिगृह. मी लिहिलं होतं, दोर झिजलाय, लिफ्ट दोन दिवस बंद ठेवा आणि बदलून घ्या. आणि गेलं काय, ‘दोर अजून वर्षभर निघेल, तूर्त तेलपाणी पुरे.’ मला वाटलं तिथल्या बाईंनीच काम नाकारलं. मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला मी. बिचाऱ्या… आजच फोन करून ती लिफ्ट थांबवायला लावते. ही पतपेढी. हे पुस्तकांचं दुकान. यातलं तर एक वाक्यही माझं नाही.

तपासनीस : सही तुमची आहे.

मालकीण : हो, सही ठेवलीय. लोक फोनवर म्हणायचे, अगदी वडिलांवर गेलीस हो, त्यांच्यासारखंच लिहितेस. मी ते घरी जाऊन सांगायचे. एकदा सांगून पोट भरायचं नाही, भांडी घासताना पुन्हा सांगायचे… आजची दवाखान्याची मेल कुठंय? पाचपर्यंत पोचायलाच हवी.

तपासनीस : मंजुरीतच आहे. छापून झालीय. अजून नानांनी उघडलेली नाही.

मालकीण : म्हणजे पेन्सिल चाललेली असेल. राहू दे तशीच. चार वाजत आले, छोटीला घेऊन येतीलच ते.

(दार न वाजवता बाबा आत येतात. खांद्याला छोटीची पिशवी.)

बाबा : चिमे, झोपली गं वाटेत. नानाच्या मांडीवर दिलीय, उठवू नकोस. हे कोण?

मालकीण : नेटवर्क तपासायला आलेत.

बाबा : कशाला उगाच खर्च? नाना म्हणतो, आपला भागच—

मालकीण : तसा आहे. माहितेय. बाबा, तुमच्या घरी तिसरा प्रिंटर कुठे ठेवलाय?

बाबा : कसला प्रिंटर?

मालकीण : टर्र टर्र करतो तो.

बाबा : …कपाटात. खालच्या खणात. नाना बोलला वाटतं.

मालकीण : नाना कशाला बोलतील? ते रोज मला चहा देताना तोंड बारीक करून विचारायचे, पोचली का हो ताई मेल? आणि मी त्यांचं सांत्वन करायचे.

बाबा : रागावू नकोस. आधी ऐकून घे. तुझं पहिलं अंदाजपत्रक आठव. सहा माणसांच्या लिफ्टला तू दहा माणसांचा भार लिहिला होतास. पोर महिन्याची, तू झोपेत चालायचीस. नानाने घाबरून मला फोन केला. मी काय करायला हवं होतं?

मालकीण : मला फोन.

बाबा : तू रडली असतीस.

मालकीण : रडले असते. मग नाक पुसून दुरुस्त केलं असतं, आणि जन्मात पुन्हा तसं लिहिलं नसतं. ती एक चूक माझी होती बाबा. तीही तुम्ही उचलून नेलीत.

बाबा : बापाने लेकीला सांभाळलं तर गुन्हा झाला?

मालकीण : पुढे किती चुका सापडल्या?

बाबा : तशा… नव्हत्या फारशा.

मालकीण : मग?

बाबा : सवय लागली गं. सकाळ झाली की कागद यायचा. चष्मा लावायचा, पेन्सिलीला टोक करायचं. घरात माणूस दिवसभर करणार काय? छोटी झोपली की घर खायला उठतं.

मालकीण : मला सांगायचं होतंत. मी इथे शेजारी खुर्ची टाकली असती. रोज भांडलो असतो, पण समोरासमोर.

बाबा : चाव्या दिल्यावर परत खुर्ची मागायची? लोक काय म्हणाले असते?

मालकीण : लोकांना काय कळायचं ते कळलं असतं. मला काही कळू नये एवढीच सोय केलीत तुम्ही.

बाबा : बरं, चुकलं माझं. पण दवाखान्याचं तेवढं ऐक. जुनी लिफ्ट दोन दिवस बंद म्हटलंस तर ते दुसऱ्याकडे जातील. मी फक्त तेवढी ओळ खोडलीय. कागद पिशवीत आहे, नानाला सांग—

मालकीण : जातील कदाचित दुसऱ्याकडे.

बाबा : आणि तुला चालेल?

मालकीण : नाही चालणार. फार लागेल. पण ते दुखणं तरी माझं असेल. दोन वर्षांत मला आलेला एक नकार खरा नाही बाबा. आणि आता बघते, तर होकारही एक माझा नाही. उद्या छोटीने विचारलं, आई तू काय करतेस, तर मी तिला कुणाचं काम दाखवू? …अहो साहेब.

तपासनीस : बोला मॅडम.

मालकीण : ती थांबलेली मेल सोडा. मी लिहिलीय तशी.

तपासनीस : सोडली. …पोचली.

मालकीण : इतक्यात?

तपासनीस : म्हटलं ना, नेट हळू नव्हतं. ते मंजुरी खातं?

मालकीण : बंद करा. नानांचा पासवर्ड बदला, नवा फक्त मला सांगा. नानांशी मी बोलेन, त्यांचा चहा पिऊन झाल्यावर.

तपासनीस : आणि अहवालात प्रिंटर किती लिहू?

मालकीण : दोन.

बाबा : चिमे, छोटीला तरी माझ्याकडे ठेवशील ना?

मालकीण : ठेवीन. तिच्याशी तुम्ही खोटं बोलत नाही.

बाबा : पण ती तो आवाज शोधेल गं. कपाटात आवाज झाला की हातातलं टाकून धावते. खणापाशी बसते, टाळ्या वाजवते. तुझा कागद निघाला की मीच लावलंय तिला म्हणायला, ‘आई आली, आई आली.’ आता आवाज आला नाही तर काय सांगू मी तिला?

मालकीण : सांगा, आई जिन्याने येते. बेल वाजवून.