सो माल-सुन, जेवण तयार!

...आणि ते ऑर्डर घेणारं यंत्र माणसाला श्वास घेऊ देत नाही हो! आपण अजून चष्मा पुसतोय तोवर ते विचारणार, इथेच खाणार की बांधून नेणार? इथेच म्हणावं तर तिखट किती? तिखट सांगावं तर अंडं घालू का? आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक आकडा उलटा पळतोय, दहा, नऊ, आठ... अरे, जेवायला आलोय की रॉकेट सोडायला? पूर्वी कसं होतं, खाणावळीत शिरायचं, 'मावशी, एक टोफूचा रस्सा!' असं ओरडायचं आणि बसायचं. आता मावशी समोर, चार पावलांवर, माझ्याकडे बघतेय, पण तिला सांगून चालत नाही, आधी यंत्राला सांगायचं, मग यंत्र मावशीला सांगणार. म्हणजे मुलाशी बोलायला आधी सुनेला सांगायचं, तसं झालं. सून नाहीये मला, एक मुलगीच आहे, पण समजलं ना?

तुम्हाला सांगतो, मी यांग छांग-सिक. देजॉन शहरात बत्तीस वर्षं बस चालवलीय मी, घाबरणारा माणूस नाही. पण त्या सोमवारी मार्टच्या तळघरातल्या त्या फूड कोर्टात माझ्या मागे अकरा माणसं रांगेत उभी, त्यातला एक 'च्च' करतोय, आणि यंत्र विचारतंय, सभासद आहात का? फोन नंबर टाका. आठ, सात, सहा... आणि मला स्वतःचा नंबर आठवेना. तुम्हाला आठवतो तुमचा? आपण आपल्याला कधी फोन करतो का? माझ्या बोटांना एकच नंबर पाठ. रोज दुपारी डेपोतून लावायचो, 'जेवलीस का?' एवढंच विचारायला. बोटांनी तोच दाबला. बायकोचा.

बायको जाऊन अकरा महिने झाले होते.

आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'सो माल-सुन, पुन्हा स्वागत आहे! मागच्या वेळचंच घेणार?'

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? पाच, चार, तीन... मी 'हो' दाबलं.

बरं, माझ्या बायकोला बाहेरचं खाणं आवडत नव्हतं! तीस वर्षं ऐकलंय मी. मी म्हणायचो, घरात चूल असताना बाहेर कशाला गिळायचं? ती म्हणायची, 'खरंय तुमचं.' मग ही 'मागची वेळ' कुठली? चिठ्ठी बाहेर आली, ती डोळ्यांजवळ धरली तर खाली बारीक अक्षरांत छापलेलं... 'मागील भेट: गुरुवार, दुपारी १२.४०.'

गुरुवार. म्हणजे चार दिवसांपूर्वी.

अहो! जी मिळाली त्या खुर्चीवर बसलो. त्या फूड कोर्टात बाकीच्या सगळ्या दुकानांचे आकडे भिंतीवर लाल दिव्यात येतात, पण ही टोफूवाली मावशी दिव्यावर विश्वास ठेवत नाही. (माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल, पण वाढणारी ती मावशीच.) चिठ्ठीवर जे नाव असेल ते ती घेते, आणि काय तो आवाज! बाजारात मासे विकले असणार तिने.

'सो माल-सुन! सो माल-सुन, जेवण तयार!'

दोनशे माणसं जेवतायत, थाळ्या आपटतायत, पोरं रडतायत, आणि त्या सगळ्यावरून माझ्या बायकोचं नाव. मी उठू शकलो नाही. मान वळवून लिफ्टकडे बघत बसलो. का? ती येईल म्हणून! हसा, हसा. पण ते नाव मी शेवटचं ऐकलं होतं इस्पितळात, नर्सच्या तोंडून, आणि तेव्हाही मी लगेच उठलो नव्हतो.

'सो माल-सुऽऽन! रस्सा निवतोय!' मग तिने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली. 'काका, तुमचंच आहे ना? मग बहिऱ्यासारखे काय बसलात?'

आणलं मी ते ताट. काळ्या मातीच्या वाडग्यात लाल रस्सा अजून रटरटतोय, पांढरा टोफू त्यात डुचमळतोय, शेजारी भात, किमची. आणि मी काय केलं असेल? चमचा भातात उभा खोचला! समोरचा माणूस दचकलाच. 'ओ काका, चमचा! जेवायच्या जागी पितरांचं ताट मांडता का?' मी पटकन काढला. पण मनात म्हटलं, बाबा रे, तुला काय माहीत.

आणि मला राग आला, खरंच सांगतो. भीती राहिली बाजूला, राग आला. गेल्याच महिन्यात, नव्या वर्षाला, मी हिचं ताट मांडलं होतं. एकट्याने! मासा तळला, एका बाजूने करपला, तो पालथा ठेवला. नाशपातीची मोठी फळं आणली. ती यावी म्हणून दार किलकिलं ठेवून थंडीत कुडकुडत बसलो दोन तास. नाही आली. आणि इकडे गुरुवारी मार्टच्या तळघरात टोफू खायला येते? माझा मासा एवढा वाईट होता?

मावशीला विचारलं, अगदी सहज, घाम पुसत. 'ही... सो माल-सुन... येते का नेहमी?'

'दर गुरुवारी. खांबामागे बसते, पाठ करून. मास्क, टोपी. बोलत नाही की चालत नाही. निम्मं खाते, निम्मं ठेवते. जांभळं जाकीट असतं. तुमची कोण?'

जांभळं जाकीट! बायकोचंही तसंच होतं, कोपराला मी शिवलेलं ठिगळ. आणि ते जाकीट ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने बिल्डिंगखालच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलं होतं. टाकलं म्हणजे कोंबलं. त्यावरूनच माझी पोरगी, बोराम, माझ्याशी बोलायची बंद झाली. 'तीनच दिवस, अप्पा? तीन दिवससुद्धा दम निघाला नाही तुम्हाला?' असं म्हणाली आणि गेली. अकरा महिने फोन नाही. मीही केला नाही. बत्तीस वर्षं बस चालवलीय मी, माफी मागणारा माणूस नाही... म्हणजे घाबरणारा नाही.

पण मग पेटीतलं जाकीट खांबामागे कसं बसलं?

मंगळवारी झोप नाही, बुधवारी नाही. शेजारच्या म्योंगसाहेबांना सांगितलं, नाव न घेता, 'माझ्या एका मित्राचं असं असं झालंय' म्हणून. ते म्हणाले, 'मित्राला सांगा, खिशात मूठभर लाल चवळी ठेवा. लाल दाण्याला भुतं घाबरतात. आणि यांगसाहेब, मित्राला सांगा, जरा जेवत जा, गालफडं बसलीत त्याची.'

गुरुवारी सकाळी दाढी केली. पांढरा सदरा काढला, लग्नकार्यातला. टाय लावला, सोडला, पुन्हा लावला. भूत असलं म्हणून काय झालं, बायको आहे! चवळी खिशात घातली आणि बसस्टॉपवर उभा राहिलो, आणि खिशात हात घालून ते दाणे चाचपता चाचपता मनात आलं, छांग-सिक, तू चाललायस कुठे? तिला बघायला की तिला हाकलायला? तीस वर्षांत दोनदा जेवायला बाहेर नेलीस, आणि आता मेल्यावर ती एका जागी सुखाने घास खातेय तर खिशात लाल दाणे? सगळे कबुतरांना टाकले. म्योंगसाहेबांना सांगू नका.

बारा वाजल्यापासून मी त्या काचेच्या कपाटामागे उभा, ज्यात मेणाचे पदार्थ मांडतात ना, त्याच्यामागे. मेणाच्या नूडल्समधून यंत्राकडे बघतोय. सव्वाबारा. साडेबारा. एक पोरगं येऊन मला विचारून गेलं की मीपण मेणाचा आहे का.

बारा चाळीसला जांभळं जाकीट आलं.

काय सांगू तुम्हाला! पाठमोरं. तेच खांदे, डावा जरा खाली. थंडीत मान आत ओढून घ्यायची तीच खोड. यंत्रासमोर उभी राहून एक एक आकडा दाबतेय, आणि मी इकडे ओठांनी तोच नंबर म्हणतोय. कोपराचं ठिगळ दिसलं. माझे तिरपे टाके. अंगावर सरसरून काटा आला, आणि पळावं असं वाटण्याऐवजी... लाज वाटते सांगायला... मला केसांवरून हात फिरवावासा वाटला. माझ्याच. नीट दिसावं म्हणून.

'सो माल-सुन! जेवण तयार!'

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'हो! आलो!'

मी धावलो, ती धावली. ताटाची एक कड माझ्या हातात, एक तिच्या. मी मान खाली घातलेली. वर बघायची हिंमत होईना. बत्तीस वर्षं बस चालवलीय मी, पण... तिची बोटं दिसली. तरुण होती. नखांना रंग होता.

'अप्पा?'

बोराम!

'ओढू नका रे दोघं, रस्सा सांडेल!' मावशी ओरडली. 'एक नाव, दोन माणसं! खरी सो माल-सुन कोण?'

आम्ही दोघांनी ताट तसंच दोन बाजूंनी धरून, मिरवणुकीतल्या पालखीसारखं, खांबामागे नेलं आणि बसलो.

'तुम्ही इथे काय करताय?' बोराम म्हणाली.

'जेवायला आलो.'

'टाय लावून?'

मी विषय बदलला. 'तुझ्या आईला बाहेरचं आवडत नव्हतं.'

'कोण म्हणतं? सहा वर्षं दर गुरुवारी यायची. मी ऑफिसातून पळून यायचे. एक रस्सा घ्यायचो, निम्मा निम्मा. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुम्ही लगेच चूल काढली असती.'

आता हे ऐका. माझी बस, दोनशे चौदा नंबर, मार्टच्या स्टॉपवर दुपारी बारा चाळीसला थांबायची. रोज. दार उघडायचो, दार लावायचो. आणि माझ्या चाकांखाली, एका मजल्याखाली, माझी बायको बसून हसतखेळत जेवत होती. सहा वर्षं! भूत म्हणे शोधायला आलो होतो. घरात तीस वर्षं कोण होतं मग? आणि तिच्या घरात जो राहत होता, 'जेवलीस का' एवढंच विचारणारा, तो कोण होता?

'नंबर आईचा का टाकतेस?' मी विचारलं.

तिने मास्क काढला. 'टाकला की मावशी तिचं नाव घेते. मोठ्याने. आता कोण घेतं, अप्पा? तुम्ही तर ती होती तेव्हाही घेतलं नाहीत.'

खरंच होतं. 'बोरामची आई' म्हणायचो. उभ्या जन्मात एकदाही मी तिला नावाने हाक मारली नव्हती.

'आणि जाकीट?'

'पेटीत खांद्यापर्यंत हात घातला. वॉचमन म्हणाला, चोर आहेस का? मी म्हटलं, हो.'

मग मी सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, 'बोराम, ते दारामागे टांगलेलं होतं ना. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, ती निघालीय, फक्त पायात बूट घालतेय. पहिल्या दिवशी मी थांब म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो. तिसऱ्या दिवशीही म्हणालो. चौथा दिवस निघाला नसता माझ्याच्याने.'

बोरामने चमच्याने टोफू मधोमध कापला आणि निम्मा माझ्या भातावर ठेवला. 'खा. निवतोय.' आवाज अगदी आईचा! पुन्हा काटा आला. आणि तिखट इतकं, इतकं तिखट, की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी, आणि कुणाचं कशाने ते कुणी विचारलं नाही.

आता दर गुरुवारी जातो आम्ही. नंबर तोच टाकतो. मावशीला खरं काय ते सांगितलेलं नाही. सांगितलं की ती बिचारी हळू आवाजात हाक मारेल, आणि हळू आवाजातली नको आहे आम्हाला. पण ताट आणायला बोराम उठत नाही, म्हणते, तुम्ही जा. त्यामुळे झालंय काय, मावशीने ठरवूनच टाकलंय, सो माल-सुन म्हणजे मीच. परवा सगळ्या फूड कोर्टासमोर मला म्हणाली, 'बायकी नाव आहे खरं, पण काका, लाजायचं काय त्यात? आईबापांनी ठेवलेलं!' भांडी गोळा करणारी म्हातारी, शेजारचा नूडल्सवाला, सगळे मला माल-सुनकाका म्हणतात. रस्त्यातसुद्धा!

मी ओ देतो. काय करणार?