नाव न घेता

जळगाव-धुळे बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बहीण-भाऊ बोलत होते.

"ललित, पारोळा आलं. मोतीलाल सरांना भेटून येऊ."

"नको अक्का. कोणत्या तोंडानं जाऊ?"

"का रे?"

"ते ब्लॉगवर आपल्याकडच्या म्हणी लिहितात ना? त्यांचे अर्थ कसे चुकलेत, ते मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं. टिंगलच केली."

"सरांचं नाव घेऊन?"

"छे! नुसती त्यांच्या लेखाची लिंक दिली."

"मग त्यांना कसं कळलं?"

"लिंक दिली की त्यांच्या ब्लॉगला आपोआप सूचना जाते. मला कुठं माहीत होतं? दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं."

"रागावले?"

"नाही ना! लिहिलंय, 'ज्या माउलीनं हे अर्थ सांगितले, तिला वाचून दाखवतो.' कोण असेल गं?"

"म्हणजे ते तूच लिहिलंस!"

"अक्का?"

"आपली आई. काल सरांनी तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. रडत होती."

"माझं नाव सांगितलं त्यांनी?"

"तिनं तीनदा विचारलं, कोणी लिहिलं म्हणून. सर म्हणाले, कोणी परका असेल."