लिहिलेली शांतता

(ग्वांगजूहून मोकपोला परतणारा मासळीचा छोटा टेम्पो. शनिवारची दुपार कललेली. सोळा वर्षांची बोमी, मांडीवर ढोलाच्या काठ्या. गाडी चालवतायत तिचे अप्पा.)

बोमी: नऊ वेळा, अप्पा! मोजलं मी. दर अकरा सेकंदांनी तुमचं "ओल्सू!"

अप्पा: मी एकदाच ओरडलो.

बोमी: तुम्ही एकदा, संगणक आठदा. सभागृहात जो आवाज होईल तो तो उचलतो आणि परत सोडतो, दर वेळी जरा जाडा करून. तीच तर प्यो बाईंची रचना आहे! माझे ढोल, सोलहीताईंचा गळा आणि संगणक. जेवताना दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.

अप्पा: सांगितलं होतंस. मला वाटलं, मागे रेडिओसारखं काहीतरी वाजेल.

बोमी: रेडिओ! शेवटचा तर गाभण गाय हंबरावी तसा आला. पहिल्या रांगेतला एक जण खुर्चीत वाकून वाकून हसत होता.

अप्पा: चुकलंच माझं.

बोमी: पण का ओरडलात? तिथे चाळीस सेकंदं शांतता होती. लिहिलेली शांतता! कागदावर आहे तशी, प्यो बाईंनी स्वतः लिहिलीय.

अप्पा: ती पोरगी गाता गाता थांबली. डोळे मिटले. मला वाटलं, दम गेला हिचा. आणि तीनशे माणसं नुसती बघत बसलेली. कुणी हूं की चूं करेना. आपल्याकडे गाणारा अडखळला की ढोलवाल्याने "ओल्सू" अशी हाक द्यायची असते, बोमी. त्याला एकटं सोडायचं नसतं. तीस वर्षं तेच करतोय. तोंड आपोआप उघडलं.

बोमी: आणि तोंड कसलं! मासळीबाजारात लिलाव पुकारणारं. त्या यंत्राची सुई पार लाल पट्ट्यात गेली म्हणे.

अप्पा: हं.

बोमी: आणि त्याच्या आधी मी काय वाजवलं होतं, अप्पा! तो सात मात्रांचा तुकडा, ज्यात महिनाभर धडपडत होते, तो असा गेला, असा! लोण्यासारखा. कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही आता.

अप्पा: डाव्या हाताने उचललास तो.

बोमी: तुम्हाला कळलं?

अप्पा: तेव्हाच दाद म्हणून ओरडणार होतो. दाबून धरलं कसंबसं.

बोमी: बरं झालं! नाहीतर अठरा झाले असते.

अप्पा: बाई रागावल्या?

बोमी: विचारत होत्या, कोण होता म्हणून.

अप्पा: मग?

बोमी: मग काही नाही. बोलता बोलता विषय बदलला.

अप्पा: बरं.

बोमी: खिडकी उघडू? मासळीचा वास येतोय... अरे देवा, प्यो बाईंचाच फोन. नाही, आत्ता नको. अप्पा, हा गाडीच्या स्पीकरला का लागला? कुठून बंद करायचा?

प्यो बाई: बोमी? पोचलीस का ग?

बोमी: वाटेत आहे, बाई. मी नंतर करते फोन...

प्यो बाई: एकच मिनिट. त्या ओरडणाऱ्या माणसाचं बघायला हवं. उद्याच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आहे, उद्या असलं काही परवडणार नाही मला. तू ओळखत नाहीस म्हणालीस, ठीक. पण तू मंचावर त्याच्या अगदी समोर होतीस, चेहरा तर बघितला असशील? दारावरच्या मुलांना वर्णन देऊन ठेवते. आला तर तिथूनच परत पाठवतील.

बोमी: बाई, मी...

प्यो बाई: सोलही म्हणते, करडा कोट, पन्नाशीचा. प्यायलेला होता का?

बोमी: नाही! प्यायलेले नव्हते.

प्यो बाई: तुला कसं माहीत?

बोमी: ते पीत नाहीत. पोटाच्या ऑपरेशनपासून थेंबही नाही. बाई, ते माझे अप्पा आहेत.

प्यो बाई: कोण?

बोमी: अप्पा. माझे. मघाशी मी खोटं बोलले. सगळे हसत होते, तुम्ही विचारलंत आणि तोंडातून निघून गेलं. आणि आत्ता ते माझ्या शेजारी बसलेत. तुमचं सगळं बोलणं अख्ख्या गाडीत ऐकू येतंय.

प्यो बाई: अगं... नमस्कार. मला तसं म्हणायचं नव्हतं हो. म्हणजे...

अप्पा: नाही, नाही, बाई. तुम्ही कशाला? चूक माझीच. उद्या हिला सोडून मी बाहेर गाडीतच बसेन. वर्णन द्यायची तसदी घेऊ नका.

प्यो बाई: तसं नाही... बोमी, तू उद्या दहाला ये. बोलू आपण. ठेवते.

बोमी: अप्पा.

अप्पा: पट्टा नीट लाव.

बोमी: रागवा ना. काहीतरी बोला.

अप्पा: पुढे ट्रक आहे.

बोमी: असं आत्ता, फोनवर कळावं तुम्हाला... मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

अप्पा: आत्ता नाही कळलं. तुला विचारलं तेव्हा मी मागेच होतो. खांबाशी.

बोमी: म्हणजे ऐकलंत?

अप्पा: फुलं द्यायला आलो होतो.

बोमी: मग सकाळपासून... नाही, मघापासून मी इथे गाय काय, हंबरणं काय... तुम्ही ऐकून घेताय! आणि नंतर सगळ्यांच्या घरच्यांना फोटोला मंचावर बोलावलं, तेव्हा कुठे होतात? मी शोधत होते तुम्हाला. नाही. खोटं. शोधत नव्हते. तुम्ही दिसू नये असंच वाटत होतं मला.

अप्पा: आलो होतो पायऱ्यांपर्यंत. तिथे एक मुलगी यादी घेऊन उभी होती. तिने विचारलं, काका, तुम्ही कुणाच्या घरचे?

बोमी: मग?

अप्पा: म्हटलं, कुणाच्याच नाही. रस्त्याने चाललो होतो, ढोल ऐकू आले म्हणून आत आलो.

बोमी: असं का सांगितलंत, अप्पा?

अप्पा: तू आधीच सांगून बसली होतीस ना. दोघांचं बोलणं जुळायला नको?