राणीच्या विहिरीचा पुरावा

...आणि वर गाडीवान मलाच विचारतो, गुरुजी, घाम काऊन येऊन राह्यला तुमाले? आता अक्षय तृतीयेचं ऊन, हिंगणीपर्यंत एसटी, पुढे दोन कोस बैलबंडी, बंडीत मी आणि माझ्या खिशात माझ्याच नावानं टाइप केलेला खोटा मजकूर... घाम नाही तर काय गुलाबपाणी येणार? तुम्हाला सांगतो, मी इतिहासाचा माणूस. एम.ए., पीएच.डी. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि प्रत्येक वाक्यावर एकच विचारलं, पुरावा काय? घरीसुद्धा. आमची सुलोचना म्हणाली की वांग्यात मीठ टाकलंय, तरी मी... जाऊ द्या.

तर हिंगणीच्या पलीकडे, जंगलाला लागून, एक गढी आहे. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही पाहायला जाल आणि मला पत्रं पाठवाल. मातीचे दोन बुरूज, एक कमान, आत दगडी विहीर. बावन्न साली मी मोजमापाची पट्टी घेऊन तिथे गेलो होतो. सकाळपासून गावाला छळलं. हा बुरूज कोणाचा, पुरावा काय, ती कमान कधीची, पुरावा काय. दुपारी तहान लागली म्हणून विहिरीवर गेलो, तर तिथे भांडण. गावाबाहेरच्या वस्तीतली एक नवी सून, भागाबाई, रिकामी घागर घेऊन उभी. बाकीच्या बाया म्हणतात, तू दूर राह्य, आम्ही वरून ओतू. ती म्हणते, माह्या हातानं काढीन. दोर खाली पडलेला, पाणी कोणालाच नाही. मलाही नाही.

तेवढ्यात बापूजी म्हणून गावचे एक म्हातारे पुढे आले. "मास्तर, तुमी शिकलेले. सांगा, हे इहीर कोनाची?"

आता खरं उत्तर होतं, माहीत नाही. पण मी पडलो भित्रा, दहा जण तोंडाकडे पाहताहेत, जीभ टाळूला चिकटलेली... मी म्हणालो, गोंड राणीनं खोदली. आणि तिची आज्ञा होती, इथून कोणी रिकामी घागर घेऊन जाऊ नये. जो अडवेल त्याची बैलजोडी जागच्या जागी बसेल, पुन्हा उठणार नाही.

तुम्ही म्हणाल करुणा, समाजसुधारणा. तसलं काही नव्हतं हो. तहान लागली होती. बैलजोडी कुठून सुचली तेही माहीत नाही. पण भागाबाईनं दोर उचलला, घागर भरली, पहिलं पाणी मला पाजलं, आणि आख्ख्या गावात एकानंही विचारलं नाही, पुरावा काय.

त्यानंतर बत्तीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. प्रबंधातही त्या विहिरीचा फक्त व्यास दिलाय. आणि चौऱ्याऐंशी साली सरपंच किसनरावांचं पत्र आलं, सोबत टाइप केलेला मजकूर. गढीवर पाटी लावायची आहे, 'राणीची विहीर', खाली सगळा इतिहास, राणी, आज्ञा, बैलजोडी, त्याखाली माझं नाव. फक्त सही पाहिजे. माझी झोप उडाली. सुलोचना म्हणते, "अहो, सही करायची आहे, फाशी जायचं नाही." हिला काय कळणार? मी ठरवलं, जायचं आणि चारचौघांत कबूल करायचं, हे खोटं आहे.

गेलो. विहिरीवर ही गर्दी. त्या दिवशी तिथे रिवाज आहे म्हणे, प्रत्येक बाईनं घागर भरायची आणि शेजारी जी उभी असेल तिच्या डोक्यावर ठेवायची, घर विचारायचं नाही. काठावर भागाबाई, केस पांढरे, बारक्या पोरांना गढीचा इतिहास सांगताहेत. "रानी पांढऱ्या घोड्यावर आलती." घोडा मी दिला नव्हता बरं का. "आन तिचा एक कारभारी होता. हाडकुळा, चष्मा लावे."

गोंड राणीच्या काळात चष्मा. मी हात वर करणार, तोच बाई म्हणाल्या, "लय घाबरट. रानी काई बोल्ली का हा म्हने, पुरावा काय? रानीनं त्याचा गोटा करून टाकला. तो पाहा." पाणी भरून झालं की ज्यानं त्यानं त्या गोट्यावर एक खडा मारायचा. पोरं काय नेम धरून मारत होती, तुम्हाला सांगतो, मला इथे बरगडीत लागत होतं.

मी किसनरावांना बाजूला घेतलं. म्हटलं, ही गोष्ट मीच रचली.

"तुमी होते का गुरुजी तवा?"

"हो, बावन्न साली."

"नाई, रानीच्या टायमाले?"

"नाही."

"मंग?"

मग काय? मी भागाबाईंपाशी गेलो. हळूच म्हटलं, बाई, हे खोटं आहे.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "ओळखलं मी तुमाले. अर्धी घागर पानी एकट्यानंच पेले होते तुमी तवा." आणि दोर खाली ठेवला. "बोला. साऱ्याइले सांगा. आमी थांबतो."

रांग थांबली. सगळ्या बाया, सगळ्या घरच्या, घागरी घेऊन माझ्याकडे पाहताहेत. दोर खाली पडलेला. आणि खरं सांगतो, मला पुन्हा तशीच तहान लागली.

मी म्हटलं, पाणी द्या.

प्यालो, आणि मजकुराखाली पेननं दोन शब्द वाढवले, 'असे सांगतात', मग सही केली. किसनरावांनी वाचलं. "कोन सांगते, गुरुजी?" म्हणजे पुरावा काय, हे त्या गावात माझ्याशिवाय पहिल्यांदा कोणी विचारलं, तेही मला.

"मी हाये ना सांगाले," भागाबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातावर एक खडा ठेवला. "घ्या. रिवाज हाये."

मारला. नेम चुकला. पोरं हसली.

आता दर अक्षय तृतीयेला जातो. नेम सुधारतोय. घरी येऊन सुलोचनेला सांगितलं, या वर्षी बरोबर चष्म्यावर बसला. भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणते, "पुरावा काय?"