फलाटाकडची खोली

हॅलो?… हॅलो, हं, बोल… अगं हळू, कान फुटेल माझा. थांब, दुकानात माणसं आहेत, आडोशाला जाते… काका, दोनच मिनिटं हं, धाकट्या बहिणीचा फोन आहे, पँट देतेच तुमची!… हं. बोल आता.

ट्रायल रूममध्ये आहे. हो, पडदा लावून. स्टुलावर बसलेय, समोर आरशात मीच… काय दिसणार? सकाळपासून पंधरा गणवेश शिवलेली बाई दिसते, केसांत दोरे.

नाही गं, बाबांना नाही ऐकू जाणार. ते मशीनवर आहेत. मशीन चालू असलं की शेजारी तोफ उडाली तरी त्यांना पत्ता लागत नाही. येतेय ना ऐकू खडखड?… हां. ती चालू आहे तोवर आपलं खरं बोलणं. थांबली की मी भलतंच काहीतरी बोलेन, तू गोंधळू नकोस.

हो, हो… माहितीये, पाच वाजेपर्यंत कळवायचंय. टेकडीखालची घरमालकीण पाचपर्यंतच खोल्या धरून ठेवणार… आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात? दोनच उरल्यात? मग त्याच घे. स्टेशनजवळच्या.

…अगं ऐक ना.

ऐक तरी! मला माहितीये टेकडीखालून आजोबांच्या लढाईची जागा दहा मिनिटांवर आहे. खिडकीतून खंदक दिसतात, तेही माहितीये. आणि स्टेशनच्या गावातून अठ्ठावीस किलोमीटर, बसनं. पण त्या घराचा जिना बघितलास का फोटोत? बाबांचे गुडघे… खालची खोली? खालच्या खोलीचा संडास वर आहे, बाई. तीनदा उठतात ते झोपेतून. म्हणजे खरी टेकडी चढायच्या आधीच तीन टेकड्या!

स्टेशनच्या हॉटेलात लिफ्ट आहे… असू दे कोंदट… असू दे गाड्यांचा आवाज, बाबांना खडखडाटाशिवाय करमतं कुठे?… समोर काय आहे म्हणालीस? पत्र्याची गोदामं? असू देत ना, आपल्याला काय विकत घ्यायचीत ती?

मी हट्ट करत नाहीये. तू करतेयस… हो, बाबा जन्मभर टेकडी टेकडी करतात, मला नको सांगूस, तुझ्याआधी सहा वर्षं मी ऐकतेय. आजोबा टेकडीवर लढत होते, समोरून गोळी आली, आजोबांनी हात वर केला, गोळी बोट चाटून गेली… तोंडपाठ आहे मला. पण—

पण फ्रॉकला अस्तर लावूनच घे हो! बिनअस्तराचा फ्रॉक म्हणजे काय, अंगाला टोचायचा नुसता!… काय हो बाबा?… बॉबिन? वरच्या खणात. डाव्या… डाव्या, बाबा!… हां.

सुरू झालं. बोल… कसलं अस्तर? वेडी आहेस का, मशीन थांबलं होतं!

बरं, सांगते. आधी बस. वर्गातली मुलं गेली ना घरी? मग खुर्चीवर बस, टेबलावर नको.

लष्कराच्या दफ्तरातून उत्तर आलंय. आजोबांच्या नोंदीचं. मागच्या मंगळवारी… नाही सांगितलं, कारण सांगवलं नाही. अगं, आजोबा टेकडीवर नव्हतेच.

नव्हते म्हणजे नव्हते. एक दिवससुद्धा नाही. कपडे दुरुस्तीच्या खात्यात होते. शिंपी म्हणून भरती झाले, शिंपी म्हणूनच घरी आले. तीन वर्षं एकाच जागी बसून शिवण… कुठे काय कुठे? त्या स्टेशनपाशी! तुझ्या त्या पत्र्याच्या गोदामांत!

हॅलो?… आहेस ना?

हो, मलाही तसंच झालं… हो गं, तुझं ते भाषण. 'टेकडीचा वीर, माझा आजोबा.' पहिला नंबर… कप परत देणार? तीस वर्षांनी? शाळेला ठेवायला जागा तरी आहे का… आणि आता वर्गात तक्ता लावलायस? किती मोठा?… अख्ख्या भिंतीभर? अरे देवा.

बोट? हां, मीही तेच धरून बसले होते, की मग बोटाची खूण कुठून आली. ऐक. काल बाह्या लावताना माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. डावा हात, अंगठ्याशेजारचं बोट, नखात मधोमध खड्डा. आठवतं, सोळाव्या वर्षी माझ्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती?… हो, हो, तू चक्कर येऊन पडलीस. सुई माझ्या बोटात आणि पाणी तुझ्या तोंडावर! तर आजोबांच्या बोटावर होती तीच खूण. हुबेहूब. आपण शिंप्याच्या घरात जन्मलो, माझा सगळा दिवस मशीनवर जातो, आणि सुईच्या खुणेला आपण गोळी समजत बसलो!

हसू नकोस… अगं हसू नकोस, मलाही येतंय…

पण हसण्यावारी नेऊ नकोस. तो टेकडीवरचा गाइड, त्यानं अर्ज पाठवलाय ना? सैनिकाचं नाव, नंबर, हुद्दा कळवा, तो लढला ती नेमकी जागा दाखवू म्हणून? टेकडीखाली उतरलेल्या सगळ्यांना तो एकदमच नेतो. चाळीस अनोळखी माणसांच्या देखत तो बाबांना सांगणार, तुमचे वडील इथे नव्हतेच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! आणि बाबा तिथे टोपी काढून उभे असतील गं… मला नाही बघवणार ते. सांगून ठेवते, नाही बघवणार.

म्हणून स्टेशनचं घे. बाबांना सांगू, टेकडीखाली जागा मिळाली नाही. एक दिवस आपले आपण बसनं जाऊ, गाइडबिइड नको. फुलं ठेवू, फोटो काढू, परत येऊ. त्यांना काही कळायचं नाही.

हो. खोटंच. तुला सुचतंय का दुसरं काही?… मी सांगू? छे! तू सांग, तू शिक्षिका आहेस… मोठी असले म्हणून सगळं मीच करायचं का?

अहो काका, पडदा ओढू नका, मी आहे आत!… अगं, बँडवाले काका. सहाला वाजवायला जायचंय त्यांना आणि पँट माझ्याकडे. बिचारे टॉवेल गुंडाळून उभे आहेत.

हं, तर मी म्हणत होते की… थांब.

थांब थांब. तुला खडखड येतेय का ऐकू?

मलाही नाही. कधीपासून?… अगं, अस्तर म्हणायचं राहिलंच!

बाबा?… कधीपासून उभे आहात तुम्ही इथे?

…बोटापासून. अगं, बोटापासून ऐकतायत.

नाही, चिडले नाहीत. हात पुढे केलाय नुसता. डावा… अगं, त्यांच्याही नखात आहे. तस्साच खड्डा. इतकी वर्षं समोरासमोर बसतो आम्ही, मी कधी बघितलाच नाही.

थांब, बोलतायत… म्हणतात, 'मला चौदाव्या वर्षीच कळलं. सुई गेली, रक्त पुसलं आणि कळलं.' चौसष्ट वर्षं माहिती होतं त्यांना!

मग टेकडी टेकडी कशाला करत होतात, बाबा?… म्हणतात, गोष्ट आजीची. आजोबांनी ती कधी सांगितलीच नाही. आजी सांगायची, ते खाली मान घालून शिवत बसायचे. पुढे आपण दोघी झालो, आपल्याला गोष्ट आवडली, तुला कप मिळाला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?… आणि टेकडीखाली राहायची हौसही आपलीच म्हणे! 'मला कुठे चढायचीय टेकडी, माझे गुडघे बघ.'

ऐकलंस? आपण त्यांच्यासाठी आणि ते आपल्यासाठी. तिघांतल्या एकालाही तिथे राहायचं नव्हतं!

रडतेस काय… मी नाही रडत. थोडीशीच. समोर आरसा आहे म्हणून जास्त वाटतंय.

गप, अजून सांगतायत… आजोबांनी त्यांना एकदाच सांगितलं होतं. रोज सकाळी टेकडीकडून गाडी यायची, कोट भरून. धुतलेले कोट. प्रत्येकाला भोक. कुणाच्या खांद्याला, कुणाच्या… हो, तिथेच. छातीशी. दिवसभर ते बुजवत बसायचे. संध्याकाळच्या गाडीनं कोट परत वर जायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर… म्हणायचे, 'मी टेकडी पाहिली नाही, पण तिथलं प्रत्येक भोक माझ्या हाताखालून गेलंय.'

…हो.

…हो गं. म्हणूनच मान वर करत नसतील.

बरं, डोळे पूस. पाचला दहा कमी आहेत. त्या मालकिणीला गोड शब्दांत नको म्हण आणि स्टेशनच्या दोन्ही खोल्या घेऊन टाक… बाबा विचारतायत, फलाटाकडची खिडकी आहे का?… गोंगाट होतो म्हणून कुणी घेत नाही? आम्ही घेतो म्हण. सकाळची गाडी येताना बघायचीय त्यांना.

टेकडी? जायचंच. गाइडबरोबरच जायचं म्हणतायत, ते कोट कुठे कुठे फाटले ते त्यालाच विचारणार आहेत. अर्ज भर… नाव, नंबर आहे ना तुझ्याकडे? हुद्दा? थांब. बाबा, हुद्दा काय लिहायचा?

शिंपी.

नाही, पुढे काही नाही. नुसतं शिंपी… आणि तक्ता काढू नकोस म्हणतात. वीर खोड आणि तिथे शिंपी लिही… काय? नाही खोडणार?… बाबा, ती म्हणतेय दोन्ही शब्द राहू देत, शेजारी शेजारी… चष्मा पुसतायत… जाऊन बसले जागेवर.

या काका, आत या. ही घ्या पँट… थोडी चुरगळलीये, मी तिच्यावर बसले होते. आणा इकडे, इस्त्री फिरवून देते.

हं, ठेवते गं… काय?… मशीनच ते. सुरू केलं बाबांनी. ऐक.

…ऐकलंस? चल, ठेव आता.